हातापेक्षा लांब

"ज्याचा हात मशीननं खाल्ला, त्यालेच इचारा," मथुराबाई म्हणाली. "राजा हो म्हनन तं पोरगी जाईन. नाई म्हनन तं नाई. मले कायले इचारता?"

एवढं बोलून म्हातारीनं सूप मांडीवर ओढलं आणि डाळीतले खडे वेचायला लागली. मोठा मुलगा संघदीप, दारव्ह्याच्या शाळेत आयुष्यभर पोरांना गप्प बसवणारा मास्तर, स्वतःच गप्प झाला. त्याला आईकडून शिक्का हवा होता. आईनं तो शिक्का उचलून धाकट्याच्या हातात दिला, आणि धाकट्याला तर हातही एकच.

राजदीप उंबऱ्याला टेकून बसला होता. शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली. या घरात त्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. घरावर स्लॅब टाकताना नाही, बाप देवराव गेला तेव्हा दवाखान्यातून परत आणायचं की नागपूरला न्यायचं तेही नाही. बोरी अरबच्या स्टँडवर पानठेला चालवणाऱ्या, पानाला डाव्या हातानं चुना लावणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार? आणि आज एकदम पुतणीचं आयुष्य त्याच्या पदरात टाकलं.

आदल्या दिवशीच सगळे दीक्षाभूमीहून परतले होते. दरवर्षी तिथून आलं की घर एक दिवस भरलेलं असतं. संघदीप बायको-पोरांना घेऊन मुक्कामी राहतो, मथुराबाई पुरणाच्या पोळ्या करायला लावते, आणि वर्षभर तुंबलेली भांडणं त्याच दिवशी निघतात. यंदाचं भांडण पायलचं होतं. संघदीपची थोरली. अकोल्याला कृषी अभियांत्रिकी करून आली होती, आणि आता तिला पुढच्या पदवीची जागा लागली होती. विषय शेतीची यंत्रं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. बापानं मात्र तिच्यासाठी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा क्लास आणि मुलींची खोली दोन्ही पाहून ठेवलं होतं.

गावाच्या चारी बाजूंनी सोयाबीन निघत होतं आणि थ्रेशरचा आवाज घरात घुसत होता. राजदीपनं मोबाईलवर भीमगीतं लावली होती. मोठ्यानं लावली होती. या महिन्यात तो रोजच लावायचा आणि का लावतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आवाज कमी कर असं त्याला कोणी म्हणत नसे.

संघदीपनं बोलायला सुरुवात केली ती भावाकडे पाहून, पण ऐकवत होता पोरीला. "आपल्या बाप्पानं वामनराव पाटलाच्या घरी साल काढलं. सालदार होता तो, राजा. पाटलाची बैलं खायची, त्याच्यानंतर बाप्पाले भाकर भेटे. त्याच्या पोटचा मी मास्तर झालो. आता माही पोरगी साहेब व्हाले पायजे का नाई? वावरातून बाहेर पडाले आपल्याले तीन पिढ्या लागल्या. अन् ही शिकून-सवरून पुन्हा वावरातच जाऊन राह्यली. ग्रीस लावाले."

हे ऐकायला बरोबर वाटतं. ज्यांच्या बापानं दुसऱ्याच्या बांधावर पाठ मोडली, त्यांना वावराचं नाव काढलं की तोंडात मातीच येते. खुर्ची म्हणजे सुटका, फाइल म्हणजे सुटका. पण खुर्चीवर बसून सगळे सुटले आणि वावरातलं लोखंड कोणी हातात घेतलंच नाही, तर ते लोखंड कोणाचे हात खाईल? खुर्चीवाल्यांचे तर नक्की नाही. हा प्रश्न संघदीपच्या डोक्यात कधी आला नव्हता. पोरीच्या डोक्यात आला होता आणि तो राजदीपच्या बाहीकडे पाहून आला होता, हे अजून घरात कोणाला कळलं नव्हतं.

पायल शांतपणे बोलली. गाव तिला चार वर्षं एकच विचारत होतं, मग तू ट्रॅक्टर चालवशील का. ती सांगायची, चालवता येतो, पण तेवढंच नाही. या शिक्षणातून कोणी कारखान्यात नांगराच्या फाळाचा आकार ठरवतं, कोणी पेरणीयंत्राची तबकडी अशी बनवतं की एका भोकात एकच दाणा बसावा. कोणी सरकारी कृषी खात्यात जातं, कोणी बँकेत, कोणी गावात अवजारं भाड्यानं द्यायचं केंद्र काढून स्वतःच मालक होतं. तिच्या एका मैत्रिणीनं झरी जामणीकडच्या उतारावरच्या, बैलजोडीच्या वावरांसाठी हलकं कोळपं बनवलं, कारण मोठ्या कंपन्यांना ती वावरं दिसतच नाहीत. आणि काही जण परीक्षा घेतात. माणसांची नाही, यंत्रांची. बाजारात यायच्या आधी यंत्र त्यांच्यासमोर उभं राहतं आणि पास की नापास ते हे लोक सांगतात.

"मले ते व्हायचं हाये, बाबा," ती म्हणाली. "तुमी पोट्ट्याइले नापास करता. मले मशीनी नापास करायच्या हायेत."

मथुराबाईला हसू आलं, पण तिनं ते सुपात लपवलं. राजदीपची बायको प्रियंका मात्र हसली नाही. ती चुलीपुढून उठून आली, पीठ लागलेल्या हातांनीच.

"याच्या शर्टाच्या गुंड्या रोज मी लावते," ती म्हणाली. "पायजाम्याची नाडीबी. मशीन काय असते ते कॉलेजात शिकाले कायले जा लागते? माह्या घरी या, दाखवते."

प्रियंकाचा आणि जाऊबाईचा, म्हणजे पायलच्या आईचा, दहा वर्षं अबोला होता. पण या वाक्यावर जाऊबाईनं मान हलवली आणि दोघी एका बाजूला झाल्या. संघदीपच्या बाजूला. पायल एकटी उरली. सगळ्यांनी राजदीपकडे पाहिलं.

राजदीपला काय सांगायचं होतं? त्याच्या मनात पोरीबद्दल माया होती. ती लहान असताना ठेल्यावर यायची, बडीशेप मागायची आणि त्याच्या रिकाम्या बाहीत हात घालून आत काय आहे ते बघायची. बाकीची पोरं घाबरायची, ही बघायची. पण माया वेगळी. बाहेर तो आवाज चालू होता, आणि त्या आवाजापुढे माया टिकत नाही.

"नको जाऊ," तो म्हणाला. "मशीन मानसाले पायत नाई, बाई. वायरिंग पाय, मोटार पाय, पन हे नको."

संघदीपनं सुटकेचा श्वास सोडला. मथुराबाईची बोटं डाळीत थांबली. पायल मात्र उठून काकाच्या समोर जमिनीवर बसली.

"ठीक हाये, काका. तुमी म्हनता तं नाई जात. पन आधी माह्यासंग वामनरावच्या वावरात चाला. आता. तिथून येऊन पुन्हा नाई म्हना, मी भरलेली बॅग रिकामी करते."

वामनरावच्या वावरात राजदीपचा हात गेला होता. तेव्हापासून तो त्या बांधावर चढला नव्हता, स्टँडवर वामनरावची जीप थांबली तर ठेल्यात पाठ करून बसायचा. हात गेला म्हणून नव्हे. हात गेल्यावर वामनराव पोलिसाला आणि गावाला जे म्हणाला, त्याच्यासाठी. पिऊन होता.

दोन शब्द. एवढ्यात काम झालं. मालक सुटला, नुकसानभरपाईची गोष्ट सुटली, गाव सुटलं. बौद्धपुऱ्यातला मजूर आणि पिऊन होता, याच्यावर विश्वास ठेवायला कोणाला कष्ट पडले नाहीत. राजदीप कधीमधी घ्यायचा, हे खरं. त्या दिवशी घेतली नव्हती, हेही खरं. दवाखान्यातून आल्यावर त्यानं ते पाच-पन्नास जणांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलवली, आणि मान डोलवताना त्यांचे डोळे काय म्हणतात ते त्याला दिसलं. सख्ख्या भावाचेही. मग त्यानं सांगणं सोडलं.

"कायले न्यून राह्यली त्याले तिथं?" संघदीप ओरडला.

"पायजे असन तं तुमीबी या," पायल म्हणाली.

राजदीप उठला कसा ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कदाचित पोरीनं हात धरला म्हणून. तिनं डावा धरला नव्हता. पिन लावलेली बाही धरली होती.

वावर जवळच होतं. नाल्याच्या पलीकडे गेल्यावर राजदीप पायलच्या मागे पडला. समोर सोयाबीनची गंजी, तिच्या पुढ्यात थ्रेशर, एका बाजूनं कुटाराचा भुसा उडत होता, दुसऱ्या बाजूनं दाणे पोत्यात पडून कट्ट्यावर कट्टे भरत होते. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया पेंढ्या उचलून देत होत्या. कडुनिंबाखाली खाटेवर वामनराव, आता म्हातारा, पायाला सूज. त्याचा मुलगा नयन पायलच्या शाळेतला. त्यानंच हात वर करून इंजिन बंद करायला लावलं.

आवाज थांबला तसा राजदीपला श्वास आला.

वामनरावनं त्याला ओळखलं. संघदीप मागून धापा टाकत आला आणि जुनी सवय म्हणून वामनरावला नमस्कार करायला हात उचलला, मग पोरीचं तोंड पाहून खाली घेतला.

झाडामागे, गवतात, जुनं थ्रेशर पडलं होतं. चाकं गेली होती, रंग गेला होता, कोंबडी आत अंडी घालत होती. पायलनं कोंबडी हाकलली. ज्या पत्र्याच्या पन्हाळीतून पेंढी आत ढकलतात, तिच्या तोंडावरचा गंज तिनं ओढणीनं पुसला.

"काका, इथं हात लावा."

राजदीपनं डावा हात लावला. पत्र्याची कड ओबडधोबड होती, वितळून गोठलेल्या मेणासारखी.

"कारखान्यातून पत्रा असा येत नाई," ती म्हणाली. "तिथं कड गुळगुळीत असते. ही मागून कापली, गॅस कटरनं. पन्हाळ पुरी असती तं इथवर असती." तिनं हवेत हात धरून दाखवला. "कायद्यानं पन्हाळ मानसाच्या हातापेक्षा लांब पायजे अन् अर्धी वरून झाकलेली. कायले? का मानूस कितीबी वाकला, त्याचं बोट आत फिरनाऱ्या दात्याच्या ड्रमले लागूच नये. आता हात आत घाला."

राजदीप हलला नाही. तिनं घाई केली नाही. एक बाई मागून म्हणाली, घाल ना दादा, बंद हाये ते, कोंबडीले नाई खाल्लं तं तुले कायले खाईन. बाकीच्या हसल्या, आणि त्या हसण्यातच त्याचा हात सरकला. कोपर कडेपर्यंत पोचायच्या आतच बोटं लोखंडाच्या दात्याला लागली. थंड, गंजलेला दाता.

तो तसाच उभा राहिला.

"बाबा, तुमीबी घाला," पायल म्हणाली. "तुमी तं पीत नाई."

संघदीपनं हात घातला. गणिताच्या मास्तराचा, आयुष्यभर खडू धरलेला हात. तोही लागला. त्यानं तो असा झटक्यानं बाहेर काढला जसं इंजिन चालू आहे.

वामनराव खाटेवरून बोलला. आवाज मालकाचा नव्हता, म्हाताऱ्याचा होता. "तवा मजूरच म्हनत होते. कापा म्हनत होते. ठेक्यानं काम होतं, पन्हाळ लांब असली का पेंढी हळू जाते. मी काय मनानं कापली?"

राजदीपला आठवलं. हे खोटं नव्हतं. त्या सालच्या टोळीत सगळेच म्हणाले होते, तोही म्हणाला होता, काप पाटील, सांजच्यापर्यंत गंजी उरकतो. त्यानं तोंड उघडलं, पण पायल आधी बोलली.

"मजूर म्हननच, आबाजी. ज्याले कट्ट्यामागं पैसे भेटते तो घाई करनच. त्याची घाई चूक नाई. मानसाची घाई झेलीन अशी मशीन बनवा लागते, अन् ती कापाले कोनी मागतलं तं नाई म्हना लागते. तुमी नाई म्हनले नाई." ती जराही मोठ्यानं बोलली नाही. "अन् मंग म्हनले का तो पिऊन होता."

एवढं कोणी या गावात वामनरावला तोंडावर म्हटलं नव्हतं. देवराव सालदारानं नाही, संघदीप मास्तरानं नाही. ते म्हणणारी देवरावची नात होती, आणि तिच्याकडे शिवी नव्हती, पत्र्याची कड होती. शिवी गिळता येते. कड गिळता येत नाही. म्हातारा खाली बघत राहिला. नयननं बापाची बाजू घेतली नाही.

मग तिनं काकाला चालत्या मशीनकडे नेलं. तेही जुनंच, नयननं मागल्या साली घेतलं होतं, आणि त्याचीही पन्हाळ कोणीतरी कापलेलीच होती. आता तिथं नवा पत्रा होता. पायलनं शेवटच्या वर्षाच्या कामासाठी याच मशीनचं माप घेतलं होतं. उन्हाळाभर दारव्ह्याच्या वेल्डरच्या दुकानात उभी राहून, तीनदा चुकवून, चौथ्यांदा तिनं ही पन्हाळ बसवून घेतली होती. पहिली इतकी सपाट झाली की पेंढी आत जाईना. दुसरी इतकी उतरती, की पेंढी आपोआप घसरून ड्रम तुंबला. तिसरी बायांनी एका दिवसात काढून फेकली, कारण तिच्यापाशी उभं राहून पाठ दुखायची. तेव्हा ती कॉलेजात रडली होती असं म्हणतात. मग बायांपाशी बसून तिनं त्यांचे खांदे मोजले, त्यांच्या कंबरेची उंची मोजली आणि उतार असा ठेवला की पेंढी जवळपास पहिल्याइतकीच भरभर जावी. कारण घाई कमी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिक्षण म्हणजे काय ते असं असतं. पुस्तकातलं माप घेऊन यायचं आणि ते बाईच्या कंबरेशी जुळेपर्यंत थांबायचं नाही.

"घाला," ती म्हणाली.

राजदीपनं हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा पत्र्याला टेकला. त्यानं मान वळवून गाल पत्र्याला दाबला, बोटं ताणली, आणखी ताणली. आत नुसती हवा होती. तो बोटं हलवत राहिला, अंधारात काही शोधल्यासारखा. काही लागलं नाही.

किती वेळ तो तसा होता कुणास ठाऊक. मग ती मघाची बाई म्हणाली, दादा, घे ना आता हात बाहेर, आमचं काम राह्यलं. त्यानं हात काढला.

परतीच्या वाटेवर नाला ओलांडताना संघदीप मागे राहिला, आणि राजदीपला पाठीमागून त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. तो वळला नाही. काही गोष्टी वळून पाहिल्या तर माणसाची अब्रू जाते, आणि आता त्याला कोणाची अब्रू घ्यायची नव्हती.

घरी मथुराबाई ओट्यावर उभी होती. प्रियंका तिच्या मागे, जाऊबाई तिच्या मागे. पुरणाच्या पोळ्या गार झाल्या होत्या.

"काय म्हनतं, राजा?"

राजदीपनं आईकडे नाही, भावाकडे पाहिलं.

"दादा, मी पिलो नोयतो त्या दिवशी."

"नाई," संघदीप म्हणाला. "नोयता."

तो घरात गेला, पलंगाखालून पायलची बॅग ओढून काढली आणि तिच्यात त्यानंच घातलेले पुण्याच्या क्लासचे कागद बाजूला ठेवून चेन लावली. मग ओट्यावर येऊन म्हणाला की सोमवारी तिला अकोल्याला सोडायला तो स्वतः जाईल, कारण पोरीला एकटीला बॅग उचलवणार नाही. पायल म्हणाली, बाबा, मी थ्रेशर उचलते. मथुराबाई म्हणाली, सोड त्याले, तेवढं तं करू दे.

प्रियंकानं पोळी तव्यावर पुन्हा गरम केली आणि पहिली पायलच्या ताटात टाकली. "त्या मशीनवाल्याइले सांगजो," ती म्हणाली, "गुंड्या लावाचं मशीनबी काढा म्हना." जाऊबाई हसली. दहा वर्षांत पहिल्यांदा प्रियंकाच्या बोलण्यावर हसली.

राजदीप उंबऱ्याला टेकून बसला. मोबाईलवर गाणं चालूच होतं. त्यानं डाव्या हातानं ते बंद केलं.

नाल्यापलीकडून थ्रेशरचा आवाज आला. घरातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बंद काहून केलं रे?" मथुराबाईनं विचारलं.

"पोरीचं हाये ते," राजदीप म्हणाला. "आयकू दे."